आमेदची काळी वाळू (बाली): मेहुण्याचा एक स्टार आणि माझे चार

बालीत काळ्या वाळूचा बीच आहे हे मला पहिल्यांदा मेहुण्याकडनं कळलं, आणि त्यानं सांगितलं ते असं, "दाजी, तिकडं अजिबात जाऊ नका, काळी वाळू हाय, पाय भाजतात, खायला काय मिळत नाही, जाताना तीन तास येताना तीन तास गाडीत कंबर मोडून घ्यायची आणि अर्ध्या तासात परत." त्यानं मॅपवर एक स्टार पण टाकलाय, खाली लिहिलंय "नॉट क्लीन सँड". नंतर आम्ही गेलो, बायको, पोरगं, आई आणि मी, आणि माझ्याकडनं चार स्टार. आता गंमत अशी की मेहुणा खोटं बोलत नाही. तो पॅकेजमधनं सकाळी अकराला पोचला, भर उन्हात अर्धा तास थांबला आणि गेला. आम्ही तिथं मुक्काम टाकला. जागा तीच, वेळ वेगळी. हा सगळा रिव्ह्यू खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहितोय, की आमेदला डे ट्रिप करणार असाल तर करूच नका, पैसे वाचवा आणि तेवढ्यात कुटा-सेमिन्याकला, म्हणजे दक्षिणेकडच्या गजबजलेल्या बीचवर, अजून एक जेवण करा.

आधी ठिकाण सांगतो, कारण कोल्हापुरात बाली म्हटलं की लोकांना उबुदचा झोका आणि नुसा पेनिडाचा तो डायनासोरसारखा कडा एवढंच माहीत असतं. आमेद हे बालीच्या ईशान्य टोकाला, करंगासेम जिल्ह्यात. आमेद म्हणजे एक गाव नाही, किनाऱ्याला लागून ओळीनं मच्छीमारांची छोटी छोटी गावं आहेत, आमेद, जेमेलुक, बुनुतान, लिपाह, सेलांग, बान्युनिंग, आस, आणि या सगळ्या पट्ट्यालाच आता आमेद म्हणतात. प्रत्येक गावाची आपली एक छोटी खाडीसारखी वळण घेतलेली किनारपट्टी, मागं कोरडे डोंगर आणि त्यांच्या मागं गुनुंग आगुंग ज्वालामुखी, ३,००० मीटरच्या वर उंच. एअरपोर्टपासून गाडीनं तीन तास धरा. शेवटचा तास मात्र भारी आहे, भाताची खाचरं, मग घाट, आणि घाट उतरला की हिरवं एकदम संपतं आणि सगळं कोरडं लागतं, आपल्याकडं गगनबावड्याकडनं माणदेशात एका तासात यावं तसा फरक.

पोचायचं कसं तर आम्ही कोल्हापुरातनं रात्रीच्या बसनं बेंगळुरू आणि तिथनं डेन्पसारचं, म्हणजे बालीच्या एअरपोर्टचं, डायरेक्ट विमान. मुंबईपेक्षा मला हे सोयीचं वाटलं, हायवे एकच आणि पहाटे उतरतोय. उतरल्यावर व्हिसा ऑन अरायव्हल माणशी ५ लाख रुपिया, आणि फेब्रुवारी २०२४ पासनं बाली सरकारचा पर्यटक कर १.५ लाख रुपिया वेगळा, तो ऑनलाइन आधीच भरून ठेवा. लाख ऐकून घाबरू नका, १ लाख रुपिया म्हणजे आपले साधारण पाचशे ते साडेपाचशे. आई मात्र शेवटपर्यंत प्रत्येक बिलाला "किती लाख झालं?" म्हणून मोठ्यानं विचारत होती आणि वेटर लोकांना लई मजा वाटत होती.

पॅकेजबद्दल एक तक्रार, नाव घेत नाही. आपल्याकडच्या एका ट्रॅव्हल एजंटाला सांगितलं की आम्हाला आमेदला मुक्काम पाहिजे, तर तो म्हणाला साहेब तिकडं काय बघायला नाही, तुम्हाला त्याच पैशात वॉटर स्पोर्ट्स देतो, आणि दोनदा सांगून पण आयटनरीमध्ये तिसऱ्यांदा परत आमेद डे ट्रिपच आली. शेवटी विमानाची तिकिटं सोडून बाकी सगळं आम्हीच फोनवर बुक केलं. त्यांचं गणित कळतं मला, जिथं खरेदी नाही, मोठं हॉटेल नाही, तिथं त्यांना कमिशन कोण देणार.

आता वाळू. पहिल्यांदा बघितल्यावर आईचं वाक्य, "ही वाळू हाय का चुलीतली राख?" खरंच तसं वाटतं. फोटोत बघून जो बीच डोक्यात असतो, पांढरा, निळं पाणी, नारळ, त्यातलं पहिलंच गायब. ओली असते तिथं काळी कुळकुळीत, सुकली की करडी, आणि जेमेलुकला तर वाळूपेक्षा गोटेच जास्त, हातात बसतील असले गुळगुळीत. घाण नाही ती. ही सगळी आगुंगची देणगी. ज्वालामुखीतनं आलेला लाव्हा आणि राख थंड होऊन त्याचा काळा दगड होतो, मग नद्या आणि लाटा तो दळत बसतात. १९६३ मध्ये आगुंगचा जो मोठा उद्रेक झाला त्यात हजारावर माणसं गेली, आणि डोंगराच्या अंगावर बसलेलं बेसाकी मंदिर मात्र थोडक्यात वाचलं, लाव्हा बाजूनं गेला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये परत राख उडाली तेव्हा एअरपोर्ट बंद पडला होता, ते बातम्यांत बघितलेलं काहींना आठवत असेल.

दगडाच्या बाबतीत आपण तरी कुठं वेगळे आहोत. पन्हाळ्याचा कातळ, अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड, हे पण लाव्हाच, फक्त सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आणि काळ्या वाळूचं कौतुक कोल्हापूरकराला असायचं कारण नाही, आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलं की मांडवीचा काळा समुद्र आहेच, किल्ल्याच्या पलीकडं पांढरा समुद्र. फरक हा की तिकडं आपण भेळ खायला जातो आणि इकडं पाण्यात उतरायला.

पोराचा एक प्रयोग सांगतो. त्यानं उबुदमधनं फ्रिजला लावायचा मॅग्नेट घेतला होता, बालीचा मुखवटा असलेला. तो खेळता खेळता वाळूत पडला आणि उचलला तर मागच्या बाजूला काळे कण उभे राहिलेले, सरळ, बारीक, दाढीचे खुंट असावेत तसे. फुंकर मारली तरी जाईनात. त्या वाळूत मॅग्नेटाइट असतं, लोखंडाचं खनिज, म्हणून. त्यानंतर पुढचा सगळा वेळ त्याचा तोच उद्योग, इथली वाळू चिकटते का, तिथली चिकटते का, मोबाइलची गरज पडली नाही. एक सूचना, मोबाइल आणि स्पीकर त्या वाळूपासनं लांब ठेवा, स्पीकरच्या जाळीला ते कण जे धरून बसतात ते ब्रशनं पण निघत नाहीत.

आणि काळी असल्यामुळं ऊन सगळं पिऊन घेते. सकाळी नऊपर्यंत अनवाणी चालता येतं, दहाला जरा चटके, अकराला पाय टेकवत नाही. मेहुण्याचा एक स्टार नेमका इथला आहे. रबरी सँडल किंवा पाण्यातले शूज घेऊन जा, तुमची कापशी कोल्हापुरी कृपा करून घरी ठेवा, खाऱ्या पाण्यात चामडं वाया जातंय.

मग तिथं जायचं कशाला, तर पहाटेसाठी. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे त्यामुळं तिथले सहा म्हणजे आपले साडेतीन, उठायला अक्षरशः जीवावर येतं, पण उठा. सूर्य समोर समुद्रातनंच येतो आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडच्या लोंबोक बेटावरचा रिंजानी डोंगर दिसतो, ३,७२६ मीटर. त्याच वेळी होड्या परत येत असतात. त्यांना जुकुंग म्हणतात, अरुंद होडी, दोन्ही बाजूला पाण्यावर टेकणारे बांबूचे लांब हात, वर तिकोनी रंगीत शीड. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, हत्ती आणि मासा एकत्र असलेलं तोंड कोरलेलं असतं, गजमीन, आणि त्याला डोळे रंगवलेले. होडी वाळूला लागली की घरातली माणसं धावत येतात, चार-पाच जण मिळून बांबूच्या हातांना धरून उचलतात, मधे दोन श्वास घेतात आणि परत उचलतात. आमच्यासमोर एका आजोबांनी होडी वर घेतल्यावर आधी मासे काढले नाहीत, आधी नाळेवर फुलांचा छोटा द्रोण ठेवला, अगरबत्ती लावली, मग जाळ्याला हात घातला. आईनं ते बघून लगेच हात जोडले. नंतर द्रोणातलं बिस्कीट कुत्र्यानं खाल्लं, त्याचं तिथं कुणाला काय वाटत नाही.

हे फुलांचे द्रोण, चनांग सारी, सगळीकडं दिसतात, दुकानाच्या पायरीवर, स्कूटरवर, रस्त्यात. आईचा बालीशी संबंध त्यामुळंच जुळला, समुद्राशी नाही.

आता पाणी, ज्यासाठी चार स्टार. आम्ही पंचगंगेत पाठीला डबा बांधून शिकलेली माणसं, पोहता येतं, पण मास्क लावून समुद्रात डोकं घालायचं हे पहिल्यांदाच. जेमेलुकला किनाऱ्यापासनं दहा-पंधरा हात गेलं की कोरल, म्हणजे प्रवाळ, सुरू होतं. बोट नको, गाइड नको, मास्क आणि नळी भाड्यानं घ्या, ५० हजार रुपियाच्या आसपास, आणि तरंगत बसा. काळ्या तळावर मासे असे उठून दिसतात की पांढऱ्या वाळूत दिसणार नाहीत, पिवळे, निळे, केशरी पट्ट्यांचे क्लाउनफिश सी-ॲनिमोनच्या हलणाऱ्या झुपक्यात लपलेले. पॅरटफिश कोरल खाताना पाण्यात कुडुम कुडुम आवाज येतो, खराखुरा, मी आधी म्हटलं माझ्याच कानात काहीतरी झालं. आणि होमस्टेच्या मालकानं सांगितलेली आणि नंतर मी वाचून खात्री केलेली गोष्ट, उष्ण समुद्रातल्या बेटांवर जी पांढरी शुभ्र वाळू असते ना, त्यातली पुष्कळ या माशांनी कोरल चावून मागनं टाकलेली असते. म्हणजे मेहुण्याला स्वच्छ वाटते ती माशाची विष्ठा आणि ज्याला तो घाण म्हणतो तो शुद्ध दगड. हे मी त्याला फॅमिली ग्रुपवर पाठवलंय, अजून रिप्लाय नाही.

मिशीवाल्यांसाठी खास सूचना. मास्क मिशीवरनं पाणी घेतो. माझ्या मास्कमधे दर दोन मिनिटाला पाणी, मी म्हटलं मास्क खराब दिलाय, बदलून घेतला, परत तेच. मग मास्क भाड्यानं देणाऱ्या पोरानं माझ्या मिशीकडं बघितलं, हसला, आणि व्हॅसलिनची डबी आणून दिली. मिशीला नाकाखाली चांगलं चोपडायचं, रबर बसतं. बायको म्हणाली काढून टाका की एकदाची. कोल्हापूरच्या माणसाला असलं बोलायचं नसतं.

थोडं पुढं बान्युनिंगला किनाऱ्याजवळच एक छोटं बुडालेलं जहाज आहे, त्याला जपानी रेक म्हणतात, नुसत्या स्नॉर्केलिंगनं दिसतं. आणि मोठं बघायचं असेल तर आमेदच्या वायव्येला अर्ध्या तासावर तुलांबेन. तिथं यूएसएटी लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज आहे, १९४२ च्या जानेवारीत जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला, ओढत आणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर लावलं, पुढं वीसेक वर्षं ते तसंच किनाऱ्यावर पडून होतं, आणि १९६३ च्या उद्रेकात हादऱ्यांनी ते सरकून पाण्यात गेलं. आता जवळजवळ १२० मीटरचं ते धूड कोरलनं भरलंय, वरचा भाग एवढा उथळ आहे की वरनं तरंगत पण दिसतो. म्हणजे जो डोंगर वाळू देतो त्यानंच जहाज पण बुडवलं. तिथं वाळू नाहीच, काळे गोल धोंडे, चालताना घोट्याची परीक्षा, आईला नेऊ नका. डायव्हिंगवाल्यांची सकाळी बरीच गर्दी असते.

दहा ते चार हा वेळ बीचवर नाही काढायचा. झोपा, नाहीतर गाडी करून तीर्ता गंगा बघून या, करंगासेमच्या राजाचा पाण्याचा बाग, हौदात मोठे मासे आणि पाण्यातल्या दगडांवरनं चालायचं, पोरांना आवडतं. लेंपुयांगचं ते स्वर्गाचं दार पण याच बाजूला, पण फोटोसाठी टोकन घेऊन तासन् तास बसायला लागतं आणि फोटोत जे तळं दिसतं ते तळं नाहीच, मोबाइलखाली आरसा धरतात. आम्ही आरसा बघितला आणि परत आलो.

मीठ मात्र बघा. आमेदला अजून काही घरं जुन्या पद्धतीनं मीठ करतात. समुद्राचं पाणी घागरीनं आणून मातीवर शिंपडायचं, वाळवायचं, ती खारी माती मोठ्या शंकूसारख्या गाळणीत टाकून परत पाणी सोडायचं, आणि खाली आलेलं घट्ट खारं पाणी नारळाच्या अर्ध्या कापलेल्या खोडांत ओतून उन्हात ठेवायचं. ओळीनं खोडं मांडलेली असतात आणि कडेनं पांढरे दाणे धरायला लागलेले. काळ्या जमिनीवर ते पांढरं मीठ, हा रंग मला तिथल्या सूर्यास्तापेक्षा जास्त लक्षात राहिला. चव खरंच वेगळी, कडवटपणा कमी. अर्धा किलो आणलंय, आई लोणच्याला देत नाही म्हणते, संपेल म्हणून.

होमस्टे. नाव टाकत नाही, चारच खोल्या आहेत आणि अशाच पाच-पन्नास जागा त्या पट्ट्यात आहेत, लिपाहच्या पुढं गेलात की गर्दी कमी होते, तिकडं बघा. आम्हाला खोली साडेतीन लाख रुपिया रात्रीला पडली, नाष्ट्यासकट. खोली स्वच्छ, मच्छरदाणी, पंखा आणि एसी दोन्ही, दारातनं वीस पावलांवर पाणी. वजा बाजू, नळाचं पाणी खारट, अंघोळ करून केस चिकट ते चिकटच. कोंबडे पहाटे तीनपासनं ओरडतात, आणि कोंबड्यांना कुत्री उत्तर देतात. मालकीणबाई मात्र सोनं, आईला पहिल्या दिवशीच हाताला धरून देवघर दाखवलं आणि दोघी कुठल्या भाषेत बोलत होत्या कुणास ठाऊक, पण तासभर बोलत होत्या.

खाणं हा विषय कोल्हापूरकरांसाठी वेगळा लिहायला पाहिजे. छोट्या खानावळींना वारुंग म्हणतात. सकाळी आलेला मासा संध्याकाळी नारळाच्या करवंटीच्या निखाऱ्यावर भाजून, सोबत भात आणि सांबल माताह. हे सांबल म्हणजे कच्चा छोटा कांदा, मिरची, गवती चहाचा कोवळा दांडा, सगळं बारीक चिरून वरनं गरम तेल आणि लिंबू. ठेचा नाही, पण ठेच्याच्या घरातलं आहे. तिखट पाहिजे म्हणून सांगितलं तर बाई आधी विश्वास ठेवत नव्हती, मग दुसऱ्या दिवशी तिनं खरंच तिखट केलं आणि मी गप्प जेवलो. रस्सा मिळत नाही, तांबडा-पांढरा डोक्यातनं काढून जा. पोर्क सगळीकडं असतं, चालत नसेल तर विचारून घ्या. शाकाहारी माणसांनी एक लक्षात ठेवा, साध्या भाजीच्या चटणीत सुद्धा तेरासी म्हणजे आंबवलेली कोळंबी घालतात, "तान्पा तेरासी" म्हणून ठणकावून सांगायचं. आईचं टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या उकडलेल्या भाज्या) आणि भातावर चाललं, वर कांदा-लसूण चटणीची पुडी आणि भडंग होतंच. चहासाठी पावडर आणि दूध पावडर न्या, तिथली कॉफी गाळत नाहीत, खाली गाळ बसेपर्यंत थांबायचं, मी दोनदा चावून खाल्ली.

संध्याकाळी चारनंतर वाळू परत माणसात येते. सूर्य आगुंगच्या मागं जातो, जेमेलुकच्या वरच्या वळणावर सगळे फोटोवाले जमतात, स्पीकर वगैरे असतो. खाली बीचवर बसलात तर तोच डोंगर फुकट दिसतो आणि शेजारी गावातली पोरं होड्यांच्या मधनं फुटबॉल खेळत असतात.

एक स्टार का कापला ते पण सांगतो. "एकांत" हा शब्द सगळीकडं खरा नाही, जेमेलुकला जुलै-ऑगस्टमधे युरोपातले लोक भरपूर. पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, ओढ्यांतनं प्लास्टिक वाहून किनाऱ्याला लागतं आणि पाणी गढूळ होतं. एटीएम कमी, मोठा दवाखाना लांब, बीपी-शुगरच्या गोळ्या मोजून दोन दिवस जास्तीच्या घ्या. रस्ता चढउताराचा आणि वळणाचा, स्कूटर सगळे चालवतात पण इंटरनॅशनल परमिट नसेल तर पोलीस पण त्रास देतात आणि पडलात तर इन्शुरन्सवाले पण हात वर करतात.

कुणी जाऊ नये तर ज्यांना रात्री नऊनंतर गर्दी, दुकानं, डीजे लागतो त्यांनी. साडेनऊला सगळं बंद. मोठा ग्रुप असेल आणि निम्मे पोहत नसतील तर त्यांना कंटाळा येणार, त्यांना उबुदला ठेवा. हनिमूनवाल्यांनी फोटोसाठी येऊ नये, पांढरे कपडे त्या वाळूत बसल्यावर परत पांढरे होत नाहीत.

दिवाळीपेक्षा मे महिन्याची सुट्टी बरी, कोरडा सीझन, पाणी स्वच्छ, आणि आपल्याकडच्या मेपेक्षा ऊन सोसवतं. मार्चमधे जाणार असाल तर न्येपीची तारीख बघूनच तिकीट काढा. ते त्यांचं शकाचं नवं वर्ष, आपला पाडवा कधी कधी त्याच्या आसपासच येतो, पण आपण गुढी उभारून श्रीखंड-पुरी खातो आणि ते चोवीस तास एअरपोर्टसकट अख्खं बेट बंद ठेवतात, बाहेर पाऊल टाकायला बंदी, बीचवर सुद्धा. मुक्काम किमान दोन रात्री टाका, एक रात्र प्रवासाचा शीण काढण्यातच जाते. मेहुण्याला मी यावेळी सोबत चल म्हटलंय, तो म्हणतोय आधी रबरी सँडल घेऊन दे.